चार तिकिटं, एक गाडी

या लेखात नावं नाहीत, नाती आहेत. चौघांनाही मी ओळखतो. चौघांशी वेगवेगळं बोललो, आणि देश, गाव, आयोजक यातलं काही कळू द्यायचं नाही या अटीवर त्यांनी लिहायला होकार दिला. धाकट्याची आणखी एक अट होती, ती योग्य जागी येईल.

पार्श्वभूमी

कार्यक्रम असा होता: ३१ ऑक्टोबरची, म्हणजे हॅलोवीनची रात्र, वस्तीपासून लांब एक मोकळं मैदान, हवा भरून उभा केलेला मोठा पडदा आणि लागोपाठ दोन भयपट. पहिला जुना, कृष्णधवल. दुसरा अलीकडचा, रक्तबंबाळ. दोन्हींच्या मधल्या अर्ध्या तासात भुताखेतांच्या वेषातले कलाकार प्रेक्षकांमध्ये फिरून लोकांना दचकवणार होते. तिकिटावर ठळक अक्षरांत 'फक्त प्रौढांसाठी' असं छापलं होतं.

तिकिटं ताईने काढली, महिनाभर आधी, कोणालाही न विचारता. चार. एक स्वतःचं. एक नवऱ्याचं, धाकटा त्यांना दाजी म्हणतो, म्हणून इथेही ते दाजीच. दाजींना भयपट झेपत नाही. ते पडद्याकडे बघत नाहीत, ताईच्या चेहऱ्याकडे बघून पुढे काय झालं असेल ते ओळखतात. तिसरं तिकीट धाकट्याचं. तो ताईचा सख्खा भाऊ, शिकायला म्हणून तिच्याकडे राहतो आणि भयपटांच्या बाबतीत घरातला खरा जाणकार तोच. वय १७. अठरावा वाढदिवस १२ दिवसांवर. चौथं तिकीट ताईच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं. ती शहरात नवी, एकटी राहणारी. सणासुदीच्या रात्री कोणीतरी आपुलकीने बोलावलं म्हणून ती 'हो' म्हणाली. सिनेमा कोणता, हे तिने विचारलंही नाही.

या मैत्रिणीला शाळेत असताना दोनदा फिट आली होती, दोन्ही वेळा लखलखत्या दिव्यांमुळे. नंतर गोळ्या सुरू झाल्या आणि गेली आठ वर्षं काही झालं नव्हतं. ऑफिसात तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्याची वेळच आली नव्हती, असं ती म्हणते.

'फक्त प्रौढांसाठी' या शब्दांचा अर्थ ताईने स्वतःच लावला: रक्त थोडं जास्त असेल, दारूचा स्टॉल असेल, लहान मुलांची रडारड नसेल. धाकट्याच्या वयाचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. 'मोठं माणूस बरोबर आहे ना, मग चालतं' असं तिने गृहीत धरलं. हा गैरसमज तिच्या एकटीचा नाही. अमेरिकेत 'आर' दर्जाच्या सिनेमाला १७ वर्षांखालच्या मुलाला पालकाबरोबर जाता येतं, आणि अमेरिकी सिनेमे बघून वाढलेल्यांच्या डोक्यात तोच नियम पक्का बसलेला असतो. पण त्याच अमेरिकेत 'एनसी-१७' म्हणजे १७ आणि त्याखालच्या कोणालाही प्रवेश नाही, पालक असले तरी नाही. ब्रिटनमध्ये '१८' असा शिक्का असलेल्या सिनेमाला अठरा पूर्ण नसलेलं कोणीही थिएटरात बसू शकत नाही, मग सोबत सगळं घर का असेना. शिवाय दारूचा परवाना असेल तर त्याची वयाची अट वेगळी. उघड्यावरच्या कार्यक्रमात या सगळ्या अटी एकाच फाटकावर येऊन उभ्या राहतात, आणि तिथला माणूस त्यातली सगळ्यात कडक अट लावतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

कपड्यालत्त्यांची तयारी मात्र चोख होती. उत्तरेकडच्या देशांत ऑक्टोबर संपताना निरभ्र रात्री जमीन भराभर थंड होते आणि गवतावर दव पडतं. थंडी हवेतून जितकी लागते त्याहून जास्त खालून चढते. ताईने चार घोंगड्या, खाली अंथरायला न भिजणारं जाड कापड, लोकरीचे मोजे असं सगळं घेतलं होतं. थर्मासही भरला होता. इतक्या बारकाईने विचार करणाऱ्या बाईच्या हातून तिकिटाच्या मागची बाजू वाचायची राहिली.

पहिली अडचण: फाटक

मैदानाबाहेर गाड्या लावायला शेत मोकळं केलं होतं. बॅटरी हलवत एक स्वयंसेवक गाड्या ओळीने, एकीला एक चिकटून लावून घेत होता. लावतानाच त्याने बजावलं की पुढची ओळ निघाल्याशिवाय मागच्या ओळीला निघता येणार नाही. दाजींनी मान डोलावली. त्या क्षणी ही गोष्ट कोणाला महत्त्वाची वाटली नाही.

फाटकाशी मुखवटे काढायला लावले आणि ओळखपत्रं मागितली. धाकट्याचं कार्ड बघून पहारेकऱ्याने मान हलवली. ताईने मोठी बहीण असल्याचं सांगितलं, मग जबाबदारी घेते म्हणाली, मग '१२ दिवसांनी अठरा होतोय हो!' असंही म्हणाली. पहारेकरी शांतपणे म्हणाला, "मग १२ दिवसांनी या." मागे रांग वाढत होती. तिकिटाचे पैसे परत नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

समोरचे पर्याय

चौघं बाजूला झाले. जेमतेम पाच मिनिटांत पाच गोष्टी बोलून झाल्या.

सगळ्यांनी परत फिरायचं, हे दाजी म्हणाले. त्यात त्यांचा स्वार्थ होता, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते कोणी मनावर घेतलं नाही. दुसरा पर्याय, दाजींनी धाकट्याला घरी सोडून यायचं. गाडी त्या वेळी अजून बाहेर काढता आली असती, मागची ओळ लागायची होती. ताईला ते नको होतं. 'तू नसशील तर मजा काय,' ती नवऱ्याला म्हणाली. तिसरा पर्याय, टॅक्सी मागवून धाकट्याला एकट्याला पाठवायचं. हॅलोवीनच्या रात्री टॅक्सी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि 'त्याला एकट्याला कसं पाठवायचं' हा प्रश्न आला. मैत्रिणीने हळूच सुचवलं की मी जाते त्याच्याबरोबर, मला तसंही सिनेमाचं फार नाही. तिचं बोलणं सगळ्यांनी संकोच समजून झटकून टाकलं. आग्रहाने बोलावलेल्या पाहुणीला असं कसं परत पाठवायचं?

पाचवा पर्याय धाकट्याने स्वतः दिला. "मी बसतो की गाडीत. फोन आहे, थर्मास आहे. तुम्ही बघून या."

निर्णय

पाचवा पर्याय सगळ्यांना आवडला, कारण त्यात कोणालाच नाही म्हणावं लागत नव्हतं. या प्रकरणातला हा कळीचा क्षण आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

चौघांशी बोलल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या पाच मिनिटांत धाकट्याचं काय करायचं यावर खरी चर्चा झालीच नाही. झाली ती 'सोबत आलोय तर सोबतच जायचं' या एका वाक्याभोवती. ज्या पर्यायात गट फुटत होता तो आपोआप बाद होत गेला. गाडीत बसायचा पर्याय टिकला, कारण त्यात गट फुटल्यासारखा दिसत नव्हता. एक जण साडेतीन तास अंधाऱ्या शेतात एकटा बसणार होता, पण कागदोपत्री चौघं एकत्र. टॅक्सीने घरी एकट्याला पाठवायची काळजी वाटणाऱ्या माणसांना शेतात एकट्याला ठेवायची वाटली नाही, हे त्यांच्या आजही पचनी पडत नाही.

धाकटाही खरं बोलला नाही. त्याला घरी जायचं होतं. पण स्वतःमुळे ताईची रात्र बिघडली असं त्याला व्हायला नको होतं.

दुसरी अडचण: मधला अर्धा तास

पहिला सिनेमा छान झाला. उघड्यावर भयपट बघण्याची गंमत थिएटरात येत नाही, आणि ती पडद्यात नसते. थिएटरात पाठीमागे भिंत असते. इथे पाठीमागे शेत. पडद्यावर काही होण्याआधी आवाज थांबतो, तेव्हा उघड्यावर पूर्ण शांतता नसते. जनरेटरची घरघर असते, वाऱ्याने पडदा फुगल्याचा आवाज असतो, कुठेतरी कोणीतरी खोकतं. दाजींनी सांगितलं की दचकल्यावर निम्मे लोक पडद्याकडे नाही, मागे वळून बघत होते. मैत्रीणही मोकळी झाली होती, हसत होती.

मग दिवे गेले, धूर सोडला आणि घोषणा झाली: पुढची तीस मिनिटं कलाकार तुमच्यात फिरतील, स्ट्रोब लाइट, म्हणजे झपाट्याने लुकलुकणारे दिवे, वापरले जातील. स्ट्रोबचा इशारा फाटकाजवळच्या फलकावरही होता, पण ओळखपत्राच्या गडबडीत हे चौघं त्या फलकाच्या उलट बाजूने आत आले होते.

इथे थोडी माहिती लागेल. एपिलेप्सी, म्हणजे फिट येण्याचा आजार असलेल्या दर १०० जणांपैकी साधारण ३ जणांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश सगळ्यात धोक्याचा. अशा वेळी डोळे मिटून घेणं पुरत नाही, कारण उजेड पापण्यांतूनही जातो. तळहाताने एक डोळा पूर्ण झाकून उजेडापासून तोंड फिरवायचं आणि तिथून बाहेर पडायचं, असं सांगितलं जातं. एक डोळा झाकला की मेंदूच्या कमी भागावर त्या प्रकाशाचा परिणाम होतो.

मैत्रिणीला हे माहीत होतं. तिने डावा डोळा तळहाताने झाकला, मान खाली घातली. पण उठली नाही. का उठली नाहीस, असं विचारल्यावर तिने दिलेलं उत्तर मी जसंच्या तसं लिहितो: "एक जण आधीच बाहेर होता. मी पण उठले असते तर तिला वाटलं असतं, कोणालाच यायचं नव्हतं."

ताईला वाटलं मैत्रीण घाबरून डोळा झाकतेय. ती हसली, आणि मुद्दाम एका मुखवटेवाल्याला खुणावून तिच्याकडे पाठवलं. यात दुष्टपणा नव्हता. भयपट आवडणाऱ्यांना दुसऱ्याला घाबरलेलं बघण्यात जो आनंद होतो, तो तसाच होता. पण मुखवटेवाला हातात लखलखणारी बॅटरी घेऊन आला.

दाजी भयपटात पडद्याऐवजी माणसांचे चेहरे बघतात, हे वर सांगितलं आहे. त्यांना मैत्रिणीचा चेहरा बघून कळलं की ही भीती वेगळी आहे. ते मधे आडवे उभे राहिले, मुखवटेवाल्याला हाताने थांबवलं, आणि म्हणाले, "चला, तुम्ही माझ्याबरोबर बाहेर." तिने मागे वळूनही न बघता त्यांच्या मागे चालायला सुरुवात केली. ताई बसून राहिली. दोघं येतील परत, असं तिला वाटलं. तेवढ्यात दुसरा सिनेमा सुरू झाला.

गाडीत

आता धाकट्याची अट. त्याला लिहून हवं आहे की तो घाबरला नव्हता. तर, तो घाबरला नव्हता.

झालं ते एवढंच. बंद गाडीत श्वासाने काचा आतून धुरकटल्या आणि बाहेरचं दिसेनासं झालं. चार्जिंग संपत आलं म्हणून त्याने फोन बंद करून ठेवला. पडदा दिसत नव्हता, पण आवाज येत होता, म्हणजे किंकाळ्या आणि मधेच भयाण शांतता, चित्राशिवाय. एकदा काचेवर कोणीतरी टकटक केली. तो गस्तीवरचा माणूस होता, आत कोण आहे ते बघायला आलेला, पण धुरकट काचेतून फक्त बॅटरी धरलेला हात दिसला. भयपटांचे सगळे डावपेच तोंडपाठ असलेला हा मुलगा मग मागच्या सीटखाली सरकून बसला. थंडी होती म्हणून, असं तो म्हणतो.

दाजी आणि मैत्रीण गाडीशी पोहोचले तेव्हा त्याने लगेच दार उघडलं नाही. दाजींनी बाहेरून त्याचं घरातलं लाडाचं नाव घेतलं, तेव्हा उघडलं.

तिघं गाडीत बसले. निघता येत नव्हतं, पुढची ओळ उभी होती. मैत्रिणीने तिथे पहिल्यांदा फिटबद्दल सांगितलं. धाकट्याने विचारलेला पहिला प्रश्न होता, 'मग आता तू गाडी चालवू शकतेस का?' तिला हसू आलं. दाजींनी ताईला मेसेज टाकला, पण सिनेमा सुरू होण्याआधी सगळ्यांनी फोन बंद करावेत अशी विनंती झाली होती आणि ताई नियम पाळणारी बाई. शेवटचा तासभर ती तीन रिकाम्या घोंगड्यांच्या मधे बसून एकटीने सिनेमा बघत होती.

निष्पत्ती

मैत्रिणीला फिट आली नाही. त्या रात्री थोडं डोकं जड झालं, दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना फोन केला, आणि गोळ्या नीट चालू आहेत ना एवढं बघून त्यांनी काळजीचं कारण नाही असं सांगितलं.

ताई दुखावली. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "तिघांनाही नको होतं तर आधी का नाही बोललात?" यावर कोणाकडे उत्तर नव्हतं, आणि घरापर्यंतच्या रस्त्यात कोणी फारसं बोललं नाही. मुखवटेवाल्याला खुणावल्याचं मात्र तिने स्वतःहून मैत्रिणीजवळ कबूल केलं, दोन दिवसांनी, ऑफिसात. मैत्रिणीने ते मनाला लावून घेतलं नव्हतं. 'तुला माहीतच नव्हतं,' ती म्हणाली. ताईला तेच जास्त लागलं.

आयोजकांना ताईने पत्र लिहिलं. पैसे मागायला नाही. स्ट्रोबचा इशारा तिकिटावर छापावा, फाटकाच्या दोन्ही बाजूंना लावावा, आणि त्या अर्ध्या तासात जिथे कलाकार आणि दिवे येणार नाहीत अशी एक जागा आखून ठेवावी, एवढंच. उत्तर आलं, त्यात आभार होते.

काय वेगळं करता आलं असतं

तिकीट वाचायला हवं होतं, हे खरं. पण त्यावर फार वेळ घालवण्यात मला रस नाही, कारण पुढच्या वेळी काहीतरी वेगळं वाचायचं राहील.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती गाडी. चार माणसं, एक गाडी, आणि ती अशा जागी लावलेली की शेवटपर्यंत हलणार नाही. स्वयंसेवकाने ओळीबद्दल सांगितलं तेव्हाच, फाटकाजवळ जाण्याआधी, गाडी कडेला किंवा रस्त्यावर लावता आली असती आणि थोडं चालावं लागलं असतं. मग 'धाकट्याला सोडून येतो' हा पर्याय रात्रभर उघडा राहिला असता आणि मैत्रिणीलाही निघायला कोणाची परवानगी लागली नसती. लवकर निघायचा रस्ता बंद असला की लोक लवकर निघायची इच्छाही बोलून दाखवत नाहीत.

दुसरं, बोलावण्याची पद्धत. ताईने तिकिटं आधी काढली, मग सांगितलं. प्रेमाने केलं, पण त्यामुळे नाही म्हणणं म्हणजे प्रेम नाकारणं झालं. 'मी जातेय, कोणाला यायचंय?' असं विचारलं असतं तर दाजी घरी राहिले असते, याबद्दल ते स्वतः जराही लाजत नाहीत. मैत्रिणीला खाजगीत एक ओळ पाठवता आली असती: धूर, लखलखते दिवे, अंगावर येणारे कलाकार असं असतं तिथे, काही अडचण असेल तर सांग. कारण विचारायची गरज नव्हती. मैत्रिणीचं म्हणणं, अशी ओळ आली असती तर तिने सांगितलं असतं. मला ते पटतं.

डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. भुताटकीच्या घरात शिरलेल्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके त्यांनी मोजले आणि कोणाला किती मजा आली ते विचारलं. भीती फार कमी असली तर मजा नाही, फार जास्त झाली तरी नाही. मधे कुठेतरी मजा सगळ्यात जास्त. या चौघांकडे बघताना माझ्या मनात येतं की तो मधला बिंदू चौघांचा चार ठिकाणी होता. ताईचा दुसऱ्या सिनेमात. मैत्रिणीचा पहिल्या सिनेमात, तिथे ती खरोखर हसत होती. दाजींचा बहुधा घरच्या सोफ्यावर. चौघांनी एकाच ठिकाणी, एकाच वेळी, सारखंच घाबरावं हा हट्ट सोडला असता, तर पहिल्या सिनेमानंतर दोघं निघाले असते आणि कोणालाच वाईट वाटलं नसतं.

धाकट्याच्या बाबतीत मात्र मला फार सोपं उत्तर सुचत नाही. १७ वर्षांच्या मुलाने स्वतःहून 'मी बसतो' म्हटलं तर त्याचं ऐकायचं, की त्याच्या मनातलं ओळखून त्याला घरी न्यायचं? ताई म्हणते, ओळखायला हवं होतं. धाकटा म्हणतो, ओळखलं असतं तर मला राग आला असता. दोघंही खरं बोलतात.

पुढच्या वर्षी

पुढच्या वर्षी ताईने दोनच तिकिटं काढली. मैत्रिणीला तिने आधी विचारलं होतं. ती म्हणाली, सिनेमा नको, पण तुम्हाला न्यायला येईन. दाजींनी दोघा भावंडांना फाटकाशी सोडलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला, निघायच्या तोंडाशी लावली.

धाकटा अठरा पूर्ण होऊन जवळपास वर्ष झालं होतं. त्याने ओळखपत्र गळ्यातल्या दोरीला लावून आणलं होतं, मुखवटाही घरीच ठेवला होता. फाटकाशी कोणी दुसराच पहारेकरी होता. त्याने ताईचं ओळखपत्र मागितलं, धाकट्याच्या वाढलेल्या दाढीकडे एकदा बघितलं आणि हातानेच त्याला आत जायला सांगितलं.